कोमट पाण्यातला देव

प्रमोदिनीबाईंनी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी गार झालं होतं. त्यांनी किटली आणून कडेकडेने थोडं गरम पाणी सोडलं, अन्नपूर्णेच्या अंगावर धार पडू नये म्हणून मध्ये तळहात धरला आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या. भिंतीवर सव्वातीन वाजले होते.

मुलाला, अनिशला, सकाळी साडेसातला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. तेवढा भाग कापून तिथे नळी बसवायची होती. सर्जनने पाच तास सांगितले होते, फार तर सहा. सून हॉस्पिटलमध्ये बसून होती. तिचा मेसेज एक वाजता आला होता, अजून काही कळलं नाही असा. त्यानंतर तेवढाही नाही.

देव पाण्यात घालून बसणं ही खरं तर नुसती बोलायची गोष्ट. क्रिकेटच्या मॅचला आणि निवडणुकीला लोक उठसूट बोलतात. बाईंनी ती आयुष्यात पहिल्यांदा खरोखर केली होती. इथे परदेशात, कनाटातल्या या घरात देवघर म्हणजे पॅन्ट्रीतला वरून दुसरा कप्पा. पहाटे मुलगा-सून गाडी काढत होते, तेव्हा त्यांनी त्या कप्प्यातले सगळे देव उतरवून तांब्याच्या पातेल्यात बुडवले होते. काम होईपर्यंत देवांनी तिथेच राहायचं, असा नियम. मध्येच काढले तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही ते ऐकायचं नव्हतं. नोव्हेंबरात नळाचं पाणी हाताला झोंबतं. देवांना एवढं अवघड काम सांगायचं आणि वर कुडकुडत ठेवायचं, हे काही त्यांना पटेना. म्हणून कोमट.

शाळेला सुट्टी होती, त्यामुळे जाई घरीच होती. दहा वर्षांची नात सकाळपासून आजीच्या आसपास घोटाळत होती, पण हॉस्पिटलबद्दल एक शब्द विचारत नव्हती. आता ती पातेल्यात डोकावली.

"आजी, पाणी यलो का झालंय?"

बाई उठल्या. पाणी खरंच पिवळं झालं होतं. तळाशी खंडोबाच्या टाकाभोवती हळदीचा गाळ साचला होता.

हा टाक त्यांना सासूबाईंनी दिलेला. रुपयाएवढा, गोल, चांदीचा. तेर गावाजवळच्या शेतात कुणा खापरपणजोबांच्या नांगराला लागला, म्हणून स्वयंभू. बाकीच्या देवांना चिंच-मीठ लावून लखलखीत करायचं, पण याला कधी घासायचं नाही, पाण्यात घालायचं नाही, नुसतं तेलाचं बोट लावून भंडार वाहायचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीचं जाड कवच त्याच्यावर चढलं होतं. त्यातून नाकाचा उंचवटा तेवढा बोटाला लागायचा आणि घराण्याला तेवढा पुरायचा. पन्नास वर्षं बाईंनी हे पाळलं होतं. आज पहाटे घाबरलेल्या हातांनी सगळ्यांबरोबर त्यालाही बुडवलं आणि वर गरम पाण्याची भर घालत राहिल्या.

आजच हे व्हायचं होतं?

"त्याच्यावर राइटिंग आहे," जाई म्हणाली आणि तिने हात घातला.

"काढू नकोस!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की जाई मागे सरकली.

मग तिने आजीचा फोन घेऊन टॉर्च लावला आणि वाकून पाण्यातूनच एकेक अक्षर वाचलं. टी. आय. सी. ए. ई. एस. ए. आर. ती धावत आपला आयपॅड घेऊन आली. महिन्यापूर्वीच तिने शाळेत रोमवर प्रोजेक्ट केला होता. तिने एक फोटो शोधला आणि आयपॅड पातेल्याच्या कडेला धरला. तेच नाक, तीच हनुवटी, डोक्यावर तसाच पानांचा मुकुट.

"आजी, धिस इज नॉट खंडोबा."

"मग कोण आहे?"

"टायबीरियस. रोमचा एम्परर. टू थाउजंड इयर्स जुना कॉइन आहे. ते लोक इंडियातून कॉटन आणि मिरी घ्यायचे, वी डिड इट इन क्लास."

बाई स्टुलावर टेकल्या. अनिशच्या वेळचे नवस याच्यापुढे बोलले होते. यांची कंपनी बुडाली तेव्हा एकवीस रविवार केले होते, ते याच्यापुढे. आज पहाटे सगळ्या देवांत पहिलं गाऱ्हाणं घातलं तेही यालाच. म्हणजे अर्ज भलत्याच ऑफिसात पडून राहिला आणि ज्याचं काम त्याला अजून पत्ताच नाही! एरवी त्या स्वतःच या गोष्टीवर हसल्या असत्या. आठ तास पोराला कुणी वालीच नव्हता, असं त्यांच्या मनात आलं आणि काही केल्या जाईना.

"बरा होता का गं हा राजा?" त्यांनी विचारलं.

"नॉट रिअली. लोक त्याला घाबरायचे."

"मुलंबाळं?"

कुणाचीही ओळख झाली की बाई हा प्रश्न विचारत. जाई वाचू लागली. वाचता वाचता तिचं बोट थांबलं.

"एक मुलगा होता. ड्रूसस."

"मग?"

"ही डाइड, आजी. त्याच्या आधी. मोठा होता, थर्टी-फाइव्ह वगैरे." आपण काय बोलून गेलो हे तिला तेव्हाच कळलं. "सॉरी."

बाईंनी तिला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. जाई रडली नाही, पण तिचं हृदय धडधडत होतं ते स्वेटरमधून कळत होतं.

"पुढे काय लिहिलंय?"

"तो लगेच कामाला लागला. पीपल थॉट ही डिड्न्ट केअर."

"लोकांना काय कळतंय," बाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी स्वतः दोन वेळा ओटा घासला होता आणि कुणी जेवणार नसताना वाटीभर लसूण सोलून ठेवला होता.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. पाणी हलत होतं, त्यामुळे तो चेहरा मधूनमधून वाकडा होत होता. देवाला अडवून धरता येतं. देवावर आपला तेवढा हक्क असतो. पण याला कशाच्या जोरावर अडवायचं? स्वतःच्या मुलासाठी ज्याचं काही चाललं नाही, त्याला माझ्या मुलाला परत आण म्हणून सकाळपासून बुडवून ठेवलंय आपण.

नियम त्यांना ठाऊक होता. एकाला काढलं तर बाकीच्यांचंही मोडेल की काय, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. हात पुढे गेला, पाण्याजवळ थांबला, मागे आला. घड्याळात तीन चाळीस झाले होते. मग त्यांनी डोळे मिटून हात बुडवला आणि त्याला बाहेर काढलं.

"आजी! तूच नको म्हणालीस ना!"

"याला नको," त्या म्हणाल्या. "याला असं ठेवायचं नाही."

त्यांनी नाणं स्वेटरच्या बाहीने पुसलं, मागूनपुढून कोरडं केलं आणि तळहातावर घेऊन बसल्या. आता त्यांना आणखीच भीती वाटत होती. केलं ते बरोबर केलं, असं एक क्षणभरही वाटलं नाही. जाई त्यांना चिकटून बसली. खालच्या बेसमेंटमध्ये घर तापवणारा फर्नेस सुरू झाला, बराच वेळ घुमला आणि बंद पडला.

ओट्यावर फोन थरथरला. पडद्यावर कस्तुरीचं नाव होतं. बाईंना उठवेना. शेवटी जाईने उठून स्पीकर लावला.

"आई?" सुनेचा आवाज पार बसला होता. "आई, झालं. बाहेर आणलंय त्याला. मध्ये ब्लीडिंग झालं म्हणून इतका वेळ लागला. पण ही इज ओके. सर्जन आत्ताच बोलून गेले. ऐकताय ना?"

"ऐकतेय," बाई म्हणाल्या.

जाई किंचाळली. दोन्ही हात वर करून ती किचनभर उड्या मारू लागली. "बाबा इज ओके! आजी, बाबा इज ओके!" बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि त्या हसतही होत्या. मग त्यांची नजर आपल्या तळहाताकडे गेली. त्यांनी बोटं अलगद मिटली आणि त्या मुठीवर दुसरा हात ठेवला.

"हळू, जाई," त्या कुजबुजल्या. "याच्यासमोर नको."