सत्तावीस स्क्रूंची वेणी

मित्रांनो, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, शेवंतीच्या वावराला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे उभी असलेली मी एक जुनी पांढरी मोटार आहे. माझा रंग उडाला आहे, एका दाराला पोचा आहे, पण मन भरलेले आहे. ते कसे भरले, तेच आज सांगणार आहे.

कारखान्यात मला घडवताना कोणी तरी थंड मुलखाचाही विचार केला होता. म्हणून डॅशबोर्डच्या आत खोलवर हीटरची एक छोटी जाळी बसवली. इंजिनाचे गरम पाणी त्या जाळीतून फिरते, पंखा त्यावरून वारा सोडतो आणि आत बसलेल्या माणसाला ऊब मिळते. माझे पहिले मालक नाशिक रोडला नोकरीला होते. त्यांनी हीटरची कळ क्वचितच फिरवली असेल.

नंतर मी भारतच्या घरी आले. माळ्याचे घर ते. घरात भारत, त्याची बायको सुवर्णा आणि आई नवसाबाई. त्यांनी मला ओवाळून घेतले, हळदीकुंकू लावले. तेव्हापासून रोज पहाटे फुलांच्या करंड्या घेऊन मी नाशिकच्या बाजाराला जाऊ लागले. "आपली लक्ष्मी कधी दगा देत नाही," असे नवसाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते ऐकून माझे टायर जमिनीवर ठरत नसत!

पुढे माझ्या हीटरची जाळी झिजली आणि आतल्या आत ठिबकू लागली. डावीकडची चटई रोज ओली व्हायची, इंजिनाच्या पाण्यात घालतात त्या कूलंटचा गोडसर वास यायचा. पण तिथेच तर पाणी मारलेल्या शेवंतीच्या करंड्या असायच्या. "फुलांचंच पाणी असंल," म्हणत भारत रोज चटई कुंपणावर वाळत घाली. दोन महिने हेच चालले. शेवटी ओझरजवळ माझे इंजिन तापून वाफ निघाली, तेव्हा कुठे त्याला शंका आली.

मोतीराम मिस्त्रीने बोनेट उघडले आणि तो हसला. "भारतभाऊ, आपल्याकडं हीटर लागतो कुणाला? काश्मीरला चाललाय का?" त्याने जाळीकडे जाणारे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडून टाकले. गळती थांबली, सगळे खूश झाले. मी मात्र आतून थोडी उणी झाले.

त्याच वर्षी, म्हणजे एकोणीसशे नव्याण्णवच्या डिसेंबरात, सुवर्णाला मुलगी झाली. दिवस भरायच्या खूप आधी. बाळ एवढेसे, ओंजळीत मावेल असे. नाशिकच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवले. नवसाबाईंनी तुळशीपुढे उभे राहून व्रत धरले, "नात घरी येईपर्यंत सूर्य डोक्यावर आल्याशिवाय मी तोंडातून शब्द काढणार नाही." दिवसभर बोलणारी ती माउली रोज दुपारपर्यंत मुकी राहू लागली.

महिन्याने बाळ पेटीबाहेर आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी नेता येईल. पण आठवड्यातून दोनदा सकाळी साडेसातला तपासायला आणायचं. थंडी अजिबात लागता कामा नये. गाडीत हीटर आहे ना? नसेल तर आणखी तीन आठवडे राहू दे इथंच."

"हो हो, आहे की!" भारत बोलून गेला.

परतताना त्याचा हात माझ्या हीटरच्या कळीवर गेला आणि थबकला. तेवढ्यात सुवर्णाचे शब्द त्याला आठवले असावेत. निघताना ती म्हणाली होती, "आता मला इथं एक दिवसपण काढवत नाय हो." आमच्याकडे जानेवारीत पहाटे शेवंतीच्या पानांवर दव गोठते. अशा गारठ्यात ते बाळ कसे न्यायचे?

नाशिकच्या सुट्या भागांच्या एका दुकानदाराने मुंबईहून नवी जाळी मागवून दिली. मोतीराम म्हणाला, "अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागंल. माझ्याकडं आठ दिवस नंबर नाय. आणि खोलला तर परत बसत नाय नीट. चार स्क्रू उरतातच."

"मग मी घरीच करतो," भारत म्हणाला.

शनिवारी सकाळी अंगणात त्याने रेडिएटरचे पाणी घमेल्यात काढले आणि स्क्रू फिरवायला घेतले. नवसाबाई ओट्यावर वेणी बांधत बसल्या होत्या. पहिला स्क्रू जमिनीवर घरंगळलेला पाहून त्यांनी तो उचलला आणि फुलाला मारतात तशी दोऱ्याची गाठ त्याला मारली. मग दुसरा, मग तिसरा. निघाला त्याच क्रमाने एकेक स्क्रू दोऱ्यात जाऊ लागला. समोरची फळी सुटली तिथे त्यांनी एक शेवंती बांधली, सामानाचा कप्पा निघाला तिथे दुसरी. तोंडाने एक शब्द नाही.

मोतीराम सायकलवरून जाताना थांबला. "अहो मावशी, गाडीचं लगीन काढलंय का? वेणी कुणासाठी?"

नवसाबाईंनी नुसते हसून पुढची गाठ मारली. बोलायला सूर्य वर यायचा होता!

दुपारी माझी जुनी जाळी बाहेर आली. हिरवट, गंजलेली. इतकी वर्षे पोटात होती, मला वाईट वाटलेच. रविवारी सकाळी नवी पितळी जाळी जागेवर बसली. मग भारतने वेणी शेवटाकडून सोडवायला घेतली. शेवटी निघालेला स्क्रू पहिला, त्याच्या आधीचा दुसरा. शेवंती आली की एक भाग पुरा. सत्तावीसच्या सत्तावीस स्क्रू आपापल्या घरी गेले. दोरा रिकामा झाला!

पाइप जोडले, पाणी भरले, इंजिन चालू केले. भारतने कळ पूर्ण फिरवली. पंखा गरगरला आणि आला तो गार वारा. दहा मिनिटे झाली, तरी गारच.

"म्हटलं नव्हतं का मी?" मोतीराम तोपर्यंत येऊन उभा होताच.

भारत मटकन पायरीवर बसला. "उद्या सुवर्णाला काय सांगू?"

मित्रांनो, नवसाबाईंना उत्तर कळले होते हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहिले. ओठ हलले, पण व्रत आडवे आले. एक क्षण त्यांनी आभाळाकडे पाहिले, पदर खोचला आणि माझ्या मागे येऊन दोन्ही हातांनी मला ढकलू लागल्या.

"आई! अगं, गाडी चालू हाय, ढकलतेस कशाला?"

त्यांनी बांधाच्या चढाकडे बोट केले. मग विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीकडे. मग पुन्हा चढाकडे.

मोतीरामने कपाळावर हात मारला. "अरे भारतभाऊ, पायपात हवा धरलीय! विहिरीची मोटार हवा धरती तशी! तोंड वर कर गाडीचं, म्हणजे हवा वरनं निघंल!"

भारतने माझी पुढची चाके बांधावर चढवली, इंजिन निवू दिले, रेडिएटरचे झाकण काढले आणि मला पुन्हा चालू केले. माझ्या पोटातून बुडबुडे निघू लागले. बुडबुड, बुडबुड! पाणी खाली गेले, त्याने आणखी ओतले. आणि एकाएकी नव्या जाळीत कढत पाणी शिरले. मला तर अंगात दिवा लावल्यासारखे झाले!

नवसाबाईंनी जाळीदार झडपेपुढे तळहात धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

"मावशी, आता तरी बोला!" मोतीराम म्हणाला.

त्यांनी सूर्याकडे बोट दाखवले. अजून थोडा वेळ होता! तो वर आला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मोतीराम, हात धुऊन घे बाबा. जेवूनच जा."

दुसऱ्या दिवशी बाळ घरी आले. आणि मंगळवारी, अंधुक उजेडात, बाहेर पाने पांढरी झालेली असताना मी तिला तपासायला घेऊन निघाले. काचेवरचे धुके आपोआप विरत गेले. कादवा नदीच्या पुलावर पोहोचलो तोवर आत इतकी ऊब झाली, की बाळाने लाथ मारून दुपटे बाजूला केले. सुवर्णा मोठ्याने हसली. किती दिवसांनी!

तिचे नाव साधना ठेवले. ती आज चौथीत आहे. आता बाजाराला टेम्पो जातो आणि मी शेडमध्ये असते. कधी कधी आठवडाभर कोणी फिरकत नाही, तेव्हा उदास वाटते. पण साधना पुस्तक घेऊन माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसते, मग मला काही कमी वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंकडे अधूनमधून पाहत जा. काही ओले दिसले, वेगळा वास आला, तर चटई वाळवून गप्प बसू नका. आणि एखादा भाग रोज लागत नाही म्हणून तोडून टाकू नका. मी वर्षानुवर्षे जी ऊब पोटात सांभाळली, ती ज्याला लागणार होती ते माणूस तेव्हा जन्मालाही आले नव्हते.