गाडीची खांदशेकणी

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच वेडेपणा केला आणि तो चांगला पाच मीटर लांब होता. दोन दारांची, लांब नाकाची, पांढरीशुभ्र परदेशी गाडी. दूरच्या प्रवासासाठीच बनवलेली म्हणे! आमच्या गावापासून हायवेवरच्या जाम गावाच्या चौकापर्यंत अकरा गतिरोधक, आणि प्रत्येकावर तिचं पोट घासायचं. कसला प्रवास न् कसलं काय. बाबा संध्याकाळी आमच्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये तिच्यात बसून गाणी ऐकायचे. रस्ता सुधारेपर्यंत ते गेले. सव्वीस वर्षांत गाडी चालली जेमतेम सहा हजार किलोमीटर.

सांभाळली ती चंद्रभानकाकांनी. काका आमचा ट्रॅक्टर चालवायचे; मला त्यांनीच कडेवर खेळवलं. दर रविवारी ते गाडी सुरू करायचे, दहा हात पुढे, दहा हात मागे, मग पुसून झाकून ठेवायचे. मी ती विकायला काढली तेव्हा एवढंच म्हणाले, "वीक. पण घेणाऱ्यानं तिले नावं ठेवली नाई पाह्यजे. माह्या हाताखालची हाय."

नागपूरहून अश्वजित आले. जुन्या गाड्या जमवणारा माणूस, हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र. तासभर त्यांनी गाडीला चार प्रदक्षिणा घातल्या. सगळं पसंत पडलं. मग पुढच्या दोन्ही चाकांच्या वरच्या भागावर बोट ठेवून ते थांबले. तिथं पांढरा रंग पिवळट, मंद झाला होता.

"इथं काहीतरी झालंय," ते म्हणाले. "अपघात लपवलेला असेल तर मी घेणार नाही."

रागात माझं डोकं चालत नाही, तोंड चालतं. "काका, खरं सांगा, कुठं ठोकली होती?"

काका हातातल्या फडक्याची घडी करत राहिले.

"एवढी वर्षं लपवलंत माझ्यापासून?"

देवकाबाई, काकांची बायको, चहा घेऊन दारात आली होती. तिनं ट्रे खालीच ठेवला. "ठोकली नाई व बाई! पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाइचे खांदे हळद-लोण्यानं शेकतो का नाई आपण? हे हिचेही शेकते. दरसाल, पळसाच्या पानानं. अन् सांगते तिले, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

काका खाली बघूनच म्हणाले, "उभं राहूनही खांदे दुखते. तिचे काऊन नाई दुखणार?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ज्या माणसानं गाडीला जीव लावला, त्याला मी परक्यासमोर चोर ठरवलं होतं. "चुकलं माझं, काका," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

अश्वजितनी यंत्र पुन्हा एकदा लावून पाहिलं. रंग मूळचाच होता, फक्त वरून डागाळलेला. यंत्र खिशात टाकून त्यांनी देवकाबाईंना विचारलं, "लोणी किती घ्यायचं?" विचारताना ते हसले नाहीत, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही.

व्यवहार ठरला. काकांनी चावी त्यांच्या हातात दिली. "जामपर्यंत सोबत चला," ते काकांना म्हणाले, "माझा हात कसा आहे ते बघा." काका बाजूच्या सीटवर अंग चोरून बसले. गाडी फाटकाबाहेर पडली.

तासभर मी फाटकातच उभी. ऑटो आला, काका उतरले आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"हायवेवर ऐंशीनं पळाली," ते म्हणाले. "जराही थकली नाई. अन् म्या इतकी वर्षं तिले दहा हातच चालवलं, पोरी."

मी रडत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तेही रडायला लागले.