शब्दांची नामावळी

पहिल्या परीक्षेत वैदेहीला पन्नासात एकोणीस मिळाले, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. खोटं कशाला सांगू? ब्रह्मा घाटावर कोणालाही विचारा, नरहर उपाध्ये म्हणजे तापलेला तवा.

वैदेही माझी सून. माझा मुलगा विश्वजीत एका इस्पितळाच्या कचेरीत होता. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेला. त्याच्या जागी सुनेला घेऊ असं इस्पितळवाले म्हणाले, पण अट घातली: डॉक्टरांच्या कागदांतले पन्नास इंग्रजी शब्द ऐकून लिहायचे, चाळीस तरी बिनचूक हवेत. संधी दोनच. दुसऱ्यांदा नापास झाली तर तिचा भाऊ प्रसन्न तिला जबलपूरला नेणार, हे ठरलेलं. त्याचंही चुकत नव्हतं. म्हाताऱ्या सासऱ्याच्या भरवशावर बहीण किती दिवस ठेवायची? पण ती गेली की माझ्याशी भांडायला घरात कोण उरणार? मला ती हवी होती, सरळ सांगतो.

ती हिंदी शाळेत शिकलेली. रोज शंभर शब्द घोकायची आणि कपाळाला हात लावून म्हणायची, "बाबा, कल याद था, आज गायब."

मला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, तेवढंच. माझं काम वेगळं, घाटावरच्या तीर्थोपाध्यायाचं. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, आडनाव आणि गाव सांगतात, मी नामावळीची वही काढून त्यांच्या पणज्याची सही दाखवतो. मूळ पुरुष वर, खाली मुलं, त्याखाली नातवंडं. शेवटी आलेला माणूस आपल्या हाताने आपलं नाव लिहितो. अशी हजारभर घरं मला तोंडपाठ आहेत. एकेक नाव घोकून कोणाच्या बापाच्या लक्षात राहील? मी घर लक्षात ठेवतो, माणसं मागून येतात.

एकदा तिचे शब्द तपासताना 'न्यूमोनिया'च्या आधी पी दिसला आणि मी वैतागलो. "बोलत नाही, तर हा फुकटचा बसलाय कशाला?"

"सायलेंट आहे, बाबा."

"असू दे. याचे भाऊबंद कोण?"

तिने डिक्शनरी चाळली. फुफ्फुसाचे, श्वासाचे चार-सहा शब्द निघाले आणि सगळ्यांच्या दारात तोच पी. मनाच्या आजारांचे शब्द काढले, तर तिथे पी आणि एस जोडीने उभे. मी माझी एक कोरी लांब वही तिच्यापुढे टाकली. "घोकणं बंद. आधी कूळ लाव."

मग महिनाभर आम्ही तेच केलं. पानावर वर मूळ, त्याचा अर्थ, खाली लेकरं. 'मसल'मधला सी गप्प, पण 'मस्क्युलर'मध्ये तोच बोलतो. एक भाऊ मुका असला तर दुसऱ्याला विचारायचं. 'हॅमरेज'वर तिने तीनदा डोकं आपटलं. शेवटी तो दोन घरांचा निघाला. "बाप रक्ताच्या घरचा, आई फुटण्याच्या घरची," मी म्हटलं, "आता दोन्हीकडची अक्षरं सांभाळ." ती हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रसन्न आला, तोच संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं घेऊन. निकाल पाच वाजता फोनवर कळणार होता. वैदेही दुपारी परतली, पाच वाजत आले तसं तिने चहाचं आधण ठेवलं. वेळ जाईना म्हणून प्रसन्न म्हणाला, "काका, आमचं पान असेल का तुमच्याकडे?"

असेल का म्हणजे काय? मी वही काढली. त्याच्या आजोबांची सही बघून त्याचे डोळे भरले. त्याने खाली आपलं नाव लिहिलं, तारीख घातली आणि आत हाक मारली, "वैदेही, ये, तूही सही कर."

ती हात पुसत आली. पेन घेतलं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"का, काका? बायका करत नाहीत?"

"करतात की. पण ती यात्रेकरूंची सही असते. आले, राहिले, गेले. घरची माणसं वहीत सही करत नाहीत."

वैदेहीने खाली बघून विचारलं, "आणि मी नापास झाले असले तर?"

"तर नापास सून घरात राहील. माझ्या पोटापुरतं आहे, त्यात तुझंही भागेल. प्रसन्न, एक तिकीट रद्द कर."

विश्वजीत गेला तेव्हाही ती आमच्यासमोर रडली नव्हती. आता पदर तोंडाला लावून रडली. तिच्या फोनवर मेसेज वाजला, कोणी हात लावेना. शेवटी प्रसन्नने उघडून वाचलं. "चव्वेचाळीस."

काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं, पण तोंडातून नेहमीचंच निघालं. "सहा कुठे घालवलेस?"

"त्यांचं कूळ सापडलं नाही, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या बसून लावू." आणि उतू चाललेला चहा बघायला आत गेली.