मनोरमाबाईंना घरी जायचं होतं

शनिवारी दुपारी कौमुदीला जरा पाठ टेकायची होती. आठवडाभर रोज सकाळी गाड्यांच्या कारखान्यात मीटिंगा करून डोकं पिकलं होतं. पण हॉलमध्ये तिच्या सासूबाई आणि खालच्या मजल्यावरच्या जर्मन शेजारीणबाई फ्राउ लिंडनर ठाण मांडून बसल्या होत्या. टीव्हीवर इंग्लंडमधल्या एका कामगारवस्तीची मालिका चालली होती, कौमुदीच्या जन्माआधी सुरू झालेली आणि अजून संपायचं नाव न घेणारी.

"कौमुदी, ये गं इकडे! ही लिंडनर काय म्हणतेय?"

मनोरमाबाईंना इंग्रजी कळायचं, जर्मन नाही. फ्राउ लिंडनर तरुणपणी मँचेस्टरला राहिलेल्या, पण रंगात आल्या की जर्मनवर घसरायच्या. मग दुभाषी कौमुदी. सासूबाई इथे जर्मनीत, नेकारसुल्मला आल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, दर शनिवारी हेच.

आज मालिकेतल्या सुनेने सासूला तोंडावर सांगितलं होतं, तुम्ही वेगळं घर बघा.

"गेनाऊ!" फ्राउ लिंडनरनी मांडीवर थाप मारली. बरोबर केलं पोरीने, एका स्वयंपाकघरात दोघी म्हणजे रोजची कटकट, असं काहीबाही त्या जर्मनमध्ये बोलत सुटल्या.

कौमुदीने घाईघाईने अर्थ फिरवला. "त्या म्हणतायत, फार वाईट झालं म्हातारीचं."

"उगाच बनवू नकोस. गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर', एवढं कळतं मला."

"आई, मालिका आहे ती! आम्ही कधी तुम्हाला असं..."

"अगं, बरोबरच केलं तिने." मनोरमाबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. "मलाही साताऱ्याला जायचंय. माझ्या घरी."

"कधीपासून?"

"आले त्या हिवाळ्यापासूनच. पण म्हटलं, तुम्हाला गरज आहे माझी."

"मला गरज? अहो, तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून मी नोकरी अर्धवेळ केली!"

"मी सांगितलं होतं तुला?"

खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कौमुदीला आला तो संताप. हिने तोंड का नाही उघडलं? आणि आपण तरी एकदा विचारायचं होतं की! फ्राउ लिंडनर दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

तेवढ्यात कौमुदीचा नवरा सुमित पाव घेऊन आला. आईने त्याला तिथेच सांगून टाकलं. त्याचा चेहरा पडला. "पण आई, इथे तुला काय कमी आहे?"

"सुमित!" दोघी एकदमच ओरडल्या.

पुढचे कित्येक दिवस तो फुगून होता, पण तिकीट त्यानेच काढलं.

एप्रिलमध्ये विमानतळावर मनोरमाबाई सगळ्यांशी बोलत सुटल्या. ट्रॉली ढकलणाऱ्या अनोळखी बाईलाही त्यांनी साताऱ्याचं हवामान सांगितलं आणि खळखळून हसल्या. कौमुदीने त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

"एवढं हसता येत होतं," परतताना ती गाडीत करवादली, "तर दोन वर्षं काय झालं होतं हिला?"

कौमुदीने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि रागारागाने डोळे पुसले.