कांदे नव्हेत ते

शिंपीकाकांच्या अंगणात बारा महिने काहीतरी फुललेलं असायचं, ते काकूंमुळे. लिली ओसरली की निशिगंध, तो थकला की ग्लॅडिओलस, थंडीत डेलिया. पानं पिवळी पडेपर्यंत कंदाला हात लावायचा नाही, मग उकरून सावलीत वाळवायचे, हे काकूंच्या बोटांना पाठ होतं. काकांकडे फक्त पाणी. तेही ते बदाबदा ओतायचे.

"अहो, कंद लावलेत, बदकं नाही पाळलेली!" काकू ओरडायच्या.

मग काकू विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग पेटवलेला गॅस, मग लेकीचं नाव. अंगणात मात्र रोज जायच्या. कालच पुरलेले कंद उकरून बघायच्या, पुन्हा पुरायच्या. कोवळे कोंब मोडायचे. काका संध्याकाळी मुकाट्याने माती सारखी करायचे.

एका दुपारी शिलाई मशीनवरून उठून काका स्वयंपाकघरात गेले, तर काकू कांदा चिरत होत्या. पातळ, एकसारख्या चकत्या. कितीतरी महिन्यांनी त्या ओट्याशी उभ्या होत्या. काकांना भरून आलं. तेवढ्यात ओट्यावरची माती दिसली.

"अगं, थांब! लिलीचे कंद आहेत ते. विषारी असतात!"

"मला शिकवताय? जन्म गेला कांदे चिरण्यात."

काकांनी सुरी काढून घेतली, चूळ भरायला लावली. "खाल्लंस का गं? खरं सांग." काकू नाही म्हणाल्या. पण तिच्या 'नाही'वर आता विसंबायचं कसं? डॉक्टर येऊन तपासून जाईपर्यंत काकांच्या जिवात जीव नव्हता.

रविवारी लेक आली. "बाबा, सगळे काढूनच टाकू या. मी घेऊन जाते."

निशिगंध ऐन भरात होता. फुलावर आलेला कंद काकूंनी कधी कुणाला हलवू दिला नव्हता. काकांनी लेकीला कुदळीला हात लावू दिला नाही, एकट्यानेच खणलं. पोती तिच्या गाडीत गेली. काकू पायरीवर बसून बघत होत्या. आता ही भांडणार, म्हणून काका धास्तावले होते. भांडली असती तर बरं झालं असतं.

गाडी गेल्यावर त्या उठल्या, भुसभुशीत मातीतून चालत आल्या आणि परक्याशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "जमीन छान आहे हो तुमची. इथे काही लावत का नाही?"

काकांनी बाजूला ठेवलेली कुदळ पुन्हा हातात घेतली.

"लावू की," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल ते."

काकूंनी मूठभर माती उचलली, कुस्करली. सांगायला तोंड उघडलं. काही आठवेना. काका कुदळीवर हात ठेवून थांबून राहिले.