दोनदा नव्व्याण्णव

कुंडलिककाकानं निघतानाच बजावलं होतं, "आज नोकरी झाली तर झाली. न्हायतर दुधनीचं स्थळ पक्कं. मग रडायचं न्हाय." वच्छला मंद्रूपच्या पहिल्या गाडीनं सोलापुरात उतरून कॉलेजात मुलाखतीला आली. चौऱ्याहत्तर साल होतं. गणितात एम.एस्सी. झालेली बाई बघायला शिपाईसुद्धा दारात घुटमळत होता.

आत प्राचार्य होते आणि गणिताचे विभागप्रमुख शिवयोगी. शिवयोगींनी तिच्या प्रमाणपत्रांना हातही लावला नाही.

"लग्न कधी?"

"ठरलं न्हाय, सर."

"न्हाय!" त्यांनी प्राचार्यांकडं बघून नक्कल केली. "ही आमच्या पोरांना शिकवणार!"

मग फळ्यावर त्यांनी १३१०७१ लिहिलं. "दोनचा सतरावा घात, वजा एक. मूळ संख्या आहे. सिद्ध करा. दहा मिनिटांत."

एकेका मूळ संख्येनं भागत बसली तर हिची दुपार होईल, असा त्यांचा हिशेब. वच्छलानं खडू उचलला.

"सर, अशा संख्येला भाग गेलाच, तर चौतिसाच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्येनंच जातो. तीनशे बासष्टच्या पुढं बघायलाच नको, त्यापुढच्यांचा वर्ग हिच्याहून मोठा. राहिल्या चार."

१०३ नं भागलं, बाकी ५५. १३७ नं, बाकी ९९. २३९ नं भागलं, आणि तिचा हात थबकला. पुन्हा ९९.

"वा!" शिवयोगी ताडकन उठले. "दोन्हीकडं नव्व्याण्णव! भागाकार न करताच आकडे ठोकतेस? मंद्रूपच्या बाजारात चालतं हे, इथं नाही." त्यांनी फडक्यानं फळा पुसून टाकला. "जा. पुढच्याला पाठव."

वच्छलाचे कान तापले. चुकलं असेल? दुधनीच्या पाहुण्यांसमोर बसायचा पाट डोळ्यांपुढं आला. ती दाराकडं वळली, आणि तिथंच थांबली.

"चुकलं न्हाय, सर." पुसलेल्या फळ्यावर तिनं फक्त एक ओळ लिहिली: १३७ × २३९ × ४. "हे होतात एक लाख तीस हजार नऊशे बहात्तर. दोघींनीही याला पुरता भाग जातो. वर उरतात नव्व्याण्णव. मग बाकी दोघींची एकच येणार की."

प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी कागद ओढला, गुणाकार केला, वजाबाकी केली. "बरोबर आहे हो, शिवयोगी."

वच्छलानं ३०७ नंही भागलं. बाकी २८९. संख्या मूळच होती.

"सोमवारी रुजू व्हा," प्राचार्य म्हणाले.

"व्हा," शिवयोगी दातांतल्या दातांत म्हणाले. "पण माझ्या विभागात तुम्हाला खुर्ची मिळायची नाही, बाई."

वच्छलानं हातावरचा खडू झटकला.

"फळा हाय न्हवं? मग झालं. शिकवायचं उभ्यानंच असतंय."