भावकू टेलर, माजी आमदार

“लोकशाहीत माणूस कुठनं कुठंही पोचू शकतो!” माजी आमदार भावकू सांबरेकर शिलाई मशीनवर हात आपटून म्हणाले.

“मग पोचा की. सकाळपास्नं हितंच बसलायसा,” राजाबाई म्हणाल्या. नवऱ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि मागच्या दारानं घरात गेल्या.

कंग्राळीतलं हे दुकान भावकूंनी तीस वर्षं चालवलं होतं. मग एका निवडणुकीत तिकिटासाठी दोन पुढारी एकमेकांच्या उरावर बसले. तडजोड म्हणून तिसरा माणूस शोधायचं ठरलं. दोघांनाही चालेल असा एकच निघाला, कारण दोघांच्याही विजारी तोच शिवत होता. भावकू निवडून आले. बेंगळुरात विधानसभेत मागच्या बाकावर बसून पाच वर्षं त्यांनी मंत्र्यांच्या जाकिटांचे खांदे न्याहाळले. एकाचाही खांदा नीट बसलेला नव्हता. पण तो प्रश्न कामकाजात आला नाही. पुढच्या खेपेला पडले.

पडल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. आपण परत टेलर होऊ, असं त्यांनी धरलं होतं. दुकान उघडलं, मशीनला तेल घातलं. आठ महिने झाले, एक माप मिळालं नाही.

लोक वाईट नव्हते. अडचण आदराची होती. गिऱ्हाईक पायरीपाशी चपला काढायचं, “साहेब, बरं हायसा न्हवं?” विचारायचं आणि कापडाची पिशवी पाठीमागं लपवत शेजारच्या समर्थ टेलरच्या दुकानात शिरायचं. एकदा उचगावचा एक मास्तर धीर करून आत उभा राहिला. पँटची उंची घ्यायला भावकू त्याच्या पायाशी वाकले. साहेब आपल्या पायाशी वाकलेले बघून मास्तर घाबरला आणि तोही त्यांच्या पाया पडायला वाकला. टाळक्यावर टाळकं आपटलं. दोघांनी एकमेकांची माफी मागितली आणि मास्तर कापड घेऊन गेला तो गेलाच. आठवड्यानं ते कापड समर्थच्या दुकानात पँट होऊन टांगलेलं दिसलं. भावकूंनी लांबूनच ओळखलं, अर्धा इंच आखूड झाली होती.

म्हणून आज सत्याप्पा पायरी चढला, तसे ते टेप गळ्यात घालून उठलेच. सत्याप्पा लहानपणचा सोबती. गावात त्यांना ‘साहेब’ न म्हणणारा एवढा एकच उरला होता.

“ये रं, सत्या! काय, सदरा का विजार?”

“सदरा कशाला? पोरीच्या लग्नातलंच चार पडल्यात घरात.” सत्याप्पानं खिशातनं एक अर्ज काढला. “सुनंची बदली निपाणीला करायची हाय. तुझ्या लेटरहेडवर चार ओळी खरड.”

“आरं, पडलोय मी. माझं कोण ऐकतंय?”

“न्हाय ऐकू दे. पर घरात सांगता येतंय, आमदाराचं पत्र आणलंय म्हणून.”

“तू बी आमदारच म्हण आता.”

“मग काय टेलर म्हणू? बरं दिसंल व्हय ते?”

भावकूंनी लेटरहेड काढलं. मशीनच्या फळीवर ठेवून चार ओळी लिहिल्या, सही केली, खाली ‘माजी’ हा शब्द जरा मोठाच काढला. सत्याप्पानं कागद घडी करून खिशात घातला आणि तो पायरी उतरायला वळला.

“सत्या.”

“काय रं?”

“हात जरा वर कर.”

“मला काय शिवायचं न्हाय म्हटलं न्हवं?”

“मी तरी कुठं शिवतो म्हणतोय,” भावकू टेपचं टोक धरून म्हणाले. “नुसतं छातीचं माप घेऊ दे.”